ड्रमवाल्याचं विणकाम

श्री

गुरुग्राम,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. नीलामावशीस,
सा. न. वि. वि.

तू फोनवर फक्त तब्येत विचारतेस आणि ठेवून देतेस, मेसेज उघडत नाहीस, आणि बाकीचं सगळं पत्रात लिही म्हणतेस. म्हणून रविवार सकाळचा चहा घेऊन लिहायला बसलो आहे. करोल बागेतून निघालेला माणूस मेट्रोने जेवणाआधी माझ्याकडे पोचतो आणि पत्राला चार दिवस लागतात, पण अख्खी नोकरी डाक विभागात काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार? पिनकोड दोनदा तपासला आहे.

तुमचा तो बँड म्हणजे तुम्ही नक्की करता तरी काय, असं तू दिवाळीत विचारलं होतंस. तेव्हा चकलीमुळे उत्तर राहून गेलं. आमच्या बँडचं नाव 'वाळवण'. मुनिरकाला कादंबरीची गच्चीवरची खोली आहे. तिथे आमची तालीम चालते, आणि बाहेर गच्चीवर कायम जयदीपच्या लोणच्याच्या फोडी उन्हात पसरलेल्या असतात, म्हणून हे नाव. कादंबरी गाते, आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. जयदीप गिटार वाजवतो. सुनीती बास गिटार वाजवते. ती दिल्लीतच जन्मलेली, एका मंत्रालयात नोकरीला आहे. वाळवण म्हणजे काय हे तिला बँडमध्ये आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं; तोवर ते तिला कादंबरीचं आडनाव वाटत होतं. आणि मी ड्रम वाजवतो. निदान अजून तरी.

कादंबरीचा एक नियम आहे. तालमीचा पहिला अर्धा तास संगीताबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. आठवडाभरात आपापल्या छंदात काय घडलं ते सांगायचं. ती म्हणते, ज्याच्या आयुष्यात गाण्याशिवाय काही नाही, त्याच्या गाण्यात तरी काय येणार? तिचा स्वतःचा छंद म्हणजे अनोळखी लोकांच्या वरातीत शिरणं. जेवत नाही, नाचत नाही, फक्त बँडवाल्यांच्या मागून चालते आणि कोणाचा दम किती टिकतो ते ऐकते. वऱ्हाडी तिला लांबची चुलतबहीण समजतात. मागच्या आठवड्यात छत्तरपूरला तिच्या डोक्यावर कोणीतरी फेटासुद्धा बांधला. जयदीपचं लोणचं आहेच, आणि लोणच्यामागून माकडं. सुनीती गुरुग्रामच्या उंच इमारतींमध्ये जाऊन लिफ्टचे आवाज फोनवर टिपते. गार्ड विचारतो, किस फ्लॅट में जाना है, तर ही सांगते, कुठेच नाही, नुसतं वर-खाली. आमच्या सोसायटीची दुसरी लिफ्ट फार सुरेल आहे म्हणे.

माझी पाळी आली की मी सांगतो, ऑफिस होतं. मग सगळे एकदम घड्याळाकडे बघतात.

पण मावशी, खरं दुखणं हे नाही. मी वाजवताना पळतो. गाणं चालत सुरू होतं आणि धावत संपतं. कादंबरीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. कानात टकटक ठोके देणारा मेट्रोनोम लावून पाहिला, त्याच्याही पुढे गेलो. शेवटी तिने ताल देणारं एक मशीन आणलं आहे. एकोणीस जानेवारीला तुमच्याच मंडळात, करोल बागेत, संक्रांतीचा कार्यक्रम आहे आणि तो आम्हाला मिळाला आहे. ती अजिबात न रागावता म्हणाली की तोवर माझी लय थाऱ्यावर आली तर उत्तम, नाहीतर पुढे तालाला मशीन राहील आणि मी खुर्च्या मांडायला यावं. सगळे हसले, मीही हसलो. पण कॅबमध्ये बसल्यावर मला हसू आलं नाही. या शहरात मला ऑफिस आहे, भाड्याचा फ्लॅट आहे, आणि ही तीन माणसं आहेत. ही तीन मला घालवायची नाहीत.

काकांना नमस्कार. त्यांचा अर्धा स्वेटर कुठवर आला, असं आईने विचारायला सांगितलं आहे. तुझ्या मायेचा पिनकोड बदलू नये, एवढीच विनंती.

तुझा,
यशोधन


श्री

करोल बाग,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचायच्या आधीच दुखणं कळलं. ओळीच्या शेवटी तुझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली आहेत, सुटीच्या दिवशी बसमध्ये चढतात तशी.

हे काही आजचं नाही. लहानपणी गणपतीत तू आमच्याकडे यायचास तेव्हा आरती सगळ्यांच्या आधी संपवायचास आणि मग टाळ हातात धरून इकडेतिकडे बघत उभा राहायचास. तुझी आई कौतुकाने म्हणायची की पोराचं पाठांतर चांगलं आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, पाठांतर चांगलं आहे पण हे देवालाही मागे टाकून जाणार.

त्या मुलीचा नियम मला आवडला. आणि तुझ्याकडे सांगायला काही नसतं याची मला लाज वाटली. माझ्या बहिणीचा मुलगा आणि अर्धा तास गप्प! म्हणून सोबतच्या पार्सलमध्ये दोन सुया आणि लोकरीचा गुंडा पाठवते आहे. विणायला शीक. हसू नकोस. आमच्या कचेरीत हिवाळा लागला की जेवणाच्या सुटीत आम्ही साऱ्या जणी हिरवळीवर उन्हात बसायचो, मांडीवर शेंगदाणे आणि हातात सुया. बोलणं एकीकडे, हात एकीकडे. कोणाचं घरी काय बिनसलं आहे ते तिला विचारावं लागायचं नाही, तिच्या विणीवरून कळायचं. विणताना पळालं की टाका आवळतो, पुढच्या ओळीत सुई आत शिरत नाही, आणि आपलं आपल्यालाच उसवावं लागतं. दुसरं कोणी रागवत नाही. तुझ्या मेट्रोनोमपेक्षा हे बरं.

चोवीस टाके घाल आणि सगळ्या ओळी सुलट विण. कागदावर चित्र काढून दिलं आहे. शेजारच्या हेमलतावहिनी म्हणाल्या की हल्ली याचे व्हिडिओ असतात. असोत बापडे. व्हिडिओ तुला दाखवेल, तुझं बघणार नाही. विणलेला तुकडा मला पोस्टाने पाठव, मी बघेन.

काकांच्या स्वेटरचं आईला सांग की आहे तिथेच आहे. पोटापर्यंत आला आणि माझा अंगठा आखडला. डॉक्टरांनी सुया बंद केल्या. हेमलतावहिनी पुरा करून देते म्हणाल्या, पण मी दिला नाही. एका अंगात दोघींचे हात मला चालत नाहीत. काका दर हिवाळ्यात कपाट उघडून बघतात आणि बंद करतात. तेवढं त्यांनी उघडलं नाही तर बरं, असं मला होतं.

वेळेवर जेवत जा. आमचं आहे ते सगळं तुझंच आहे, हे पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तुझी,
नीलामावशी


श्री

गुरुग्राम,
१ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबत तुकडा जोडला आहे. बसल्या जागी उघड. चौकोन करायला घेतला होता, तो वर जाता जाता चिंचोळा झाला. ऑफिसमधल्या एकाने हे काय म्हणून विचारलं, त्याला मी पायपुसणं म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही.

मी मेट्रोत विणतो. तालमीला जाताना इथून हौज खासपर्यंत बसायला जागा मिळाली की तेवढ्यात तीन ओळी होतात. समोरचे लोक आधी फोनमधून डोकं वर काढतात, मग मला बघतात, मग पुन्हा फोनमध्ये जातात. परवा शेजारी एक काकू होत्या. बराच वेळ त्यांना राहवत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या हातातून सुया काढूनच घेतल्या, बेटा फंदा गिर गया म्हणत खालून एक टाका उचलून आणला, आणि उतरताना इतना गुस्सा किस बात का असं विचारून गेल्या. मला राग आलेला नव्हता गं. मी एवढंच ठरवलं होतं की हौज खास यायच्या आत ओळ संपवायची.

बँडमध्ये अजून कोणाला सांगितलेलं नाही. सुया ड्रमच्या काठ्यांच्या पिशवीत लपवल्या आहेत. अर्ध्या तासात मी अजूनही ऑफिस होतं असंच सांगतो. हा तुकडा घेऊन कादंबरीसमोर जाण्याची माझी हिंमत नाही. जयदीपच्या मुळ्याच्या लोणच्याने या आठवड्यात बंड केलं, झाकण उडालं, माकडंसुद्धा दोन दिवस फिरकली नाहीत. म्हणून माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

तालीम मात्र आहे तशीच. मशीन अजून खोक्यात आहे, पण खोकं उघडून ठेवलं आहे.

काकांना नमस्कार. तुझी नजर तुकड्यावर कडक असू दे, माझ्यावर नेहमीसारखीच राहू दे.

तुझा,
यशोधन


श्री

करोल बाग,
७ डिसेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुकडा गच्चीवर उन्हात नेऊन पाहिला. खालच्या ओळी भीतीच्या आहेत, टाके आवळलेले पण एकसारखे. नवशिक्याचं असंच असतं. मधल्या ओळी खरोखर चांगल्या आहेत. तिथे तू विसरला होतास की आपण काही करतो आहोत. आणि वरचा चौथा हिस्सा पाहिला नि मी काकांना हाक मारली. तिथे तुला वाटलं की झालंच आता, पोचलो. तिथून तू सुटलास.

तेव्हा तू सगळीकडे पळत नाहीस. तुला शेवट दिसला की पळतोस. हौज खास दिसलं की, आरतीचं शेवटचं कडवं आलं की. माझी खात्री आहे की गाण्यातही असंच असणार. विचार त्या मुलीला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं तुझं. मांडव लांब असला तर तू अगदी शहाण्यासारखा चालतोस.

यावर औषध एकच. कुठे थांबायचं ते ठरवूच नकोस. तुकडा अमुक इतका करायचा, अमुक स्टेशनापर्यंत करायचा, काही नाही. गुंडा आहे तोवर विणायचं. गुंडा आपला आपण संपतो, त्याला कोणी घाई करत नाही. पिस्ता रंगाची लोकर अजून पाठवते आहे.

तुझा पहिला तुकडा काकांनी चहाच्या कपाखाली घेतला आहे. चिंचोळ्या बाजूला बिस्किट ठेवतात. तेव्हा वाया गेला नाही.

थंडी वाढते आहे, धूरही फार आहे. तोंडाला रुमाल बांधून बाहेर पड. पत्रं येत राहू देत. जिना चढून पत्र टाकणाऱ्या राघवलाही आता तुझं अक्षर ओळखू येतं.

तुझी,
नीलामावशी


श्री

गुरुग्राम,
२१ डिसेंबर २०२४

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. मी कादंबरीला विचारलं. ती म्हणाली की बिल्कुल, दुसऱ्या कडव्यापर्यंत मी माणसात असतो आणि शेवटचं ध्रुवपद आलं की उधळतो. तुला हे करोल बागेत बसून पिस्ता रंगाच्या पायपुसण्यावरून कळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं आहे. आता मी वाजवताना शेवटाचा विचारच करत नाही. गुंडा आहे तोवर वाजवायचं. आणि मावशी, मी पळत नाही!

दुसरी बातमी म्हणजे माझं गुपित फुटलं. गेल्या शनिवारी गाणं सुरू करायच्या वेळी मी न बघता पिशवीत हात घातला आणि वाजवायला लागलो. उजव्या हातातून झांजेवर नेहमीसारखा आवाज आला, डाव्यातून चमच्याने कप वाजवल्यासारखा टिणटिण. पाहतो तर एका हातात काठी आणि दुसऱ्यात तुझी सुई, आणि सुईला अर्धवट विणलेलं लटकतंय. सगळे थांबले. जयदीप हसत खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. पण कादंबरीने काय केलं माहीत आहे? तिने घड्याळ बघितलं आणि अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, कारण माझं सांगायचं राहिलं होतं. मी मेट्रोतल्या काकूंपासून काकांच्या बिस्किटापर्यंत सगळं सांगितलं. सुनीतीला तिच्या फोनसाठी पिशवी हवी आहे. जयदीपला बरण्यांना टोप्या हव्या आहेत. इतके दिवस मी त्या खोलीत जात होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी चहा परत गरम केला.

आता वाईट बातमी. पळणं गेलं आणि उचकी आली. मी छान वाजवत असतो, आणि मध्येच डोळ्याची पापणी लवेल एवढा थांबतो. मग पुन्हा छान. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाजवताना कळत नाही, ध्वनिमुद्रण ऐकलं की कळतं. कादंबरी म्हणाली की पळणाऱ्याच्या मागे निदान धावता तरी येतं, उचकीबरोबर गाता येत नाही. आता मशीन खोक्यातून बाहेर काढून स्टुलावर ठेवलं आहे. ते कार्यक्रमाला बरोबर येणार, हे तिने स्पष्ट सांगितलं. मी पुन्हा तसं केलं तर ती पायाने बटण दाबेल. ती बरोबरच आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

मला आता खरंच भीती वाटते आहे. आधी फक्त ड्रम जाणार होते. आता तो अर्धा तासही जाईल.

तुझ्या उत्तराची वाट बघतो आहे. प्रेम आहेच, ते उत्तराबरोबर येऊ दे.

तुझा,
यशोधन


श्री

करोल बाग,
२६ डिसेंबर २०२४

चि. यशोधन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुई वाजवल्याचं वाचून काका इतके हसले की चहा तुझ्याच तुकड्यावर सांडला. तुकड्याने सगळा पिऊन टाकला. लोकर चांगली आहे.

आता उचकीचं. ऐकून घे, घाबरू नकोस. तू चोवीस टाके विणतोस, ओळ संपते, मग सुई या हातातून त्या हातात घेतोस, काम उलटवतोस आणि पुढची ओळ धरतोस. महिनाभर तू हेच करतो आहेस. तुझ्या हातांनी विणकाम शिकताना ते उलटवणंसुद्धा पाठ केलं! चोवीस ठोके झाले की तुझे हात ओळ बदलतात. मोजून बघ. अशी चूक करणारा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा सापडायचा नाही, आणि तो आमच्याच घरात निघावा, याचा मला जरा अभिमानच वाटला.

उपाय सोपा आहे. गोल सुईवर विण. दोन टोकांच्या मध्ये वायर असते, टाके गोल फिरत राहतात, ओळ संपतच नाही, उलटवायचं काही नाही. सोबत गोल सुई पाठवते आहे.

पण ती रिकामी नाही. सकाळपासून मी कपाटासमोर दोनदा जाऊन आले. त्या सुईवर गेले कित्येक हिवाळे काकांचा स्वेटर आहे. बिनबाह्यांचा, मेंदी रंगाचा. ते टाके उतरवून तुला मोकळी सुई देता आली असती. बाजारात नवीही मिळाली असती. मग मला वाटलं, मी हे कोणासाठी राखून ठेवते आहे? माझा अंगठा काही माघारी येत नाही. हेमलतावहिनींना दिला नाही, कारण त्यांना येतं. त्यांनी तो त्यांचा केला असता. तू माझ्याकडूनच शिकलास, तेही माझ्या पत्रांवरून. तुझ्या हातात माझाच हात आहे, जरा धसमुसळा, एवढंच.

पार्सल बांधताना काका मागे येऊन उभे राहिले. सुतळीच्या गाठीवर त्यांनी बोट धरलं.

जिथे मी सोडलं तिथूनच उचल. काखेपाशी आलास की थांब आणि सोबतचा कागद बघ, पुढचं त्यावर लिहिलं आहे. कधी पुरा होणार, असं आम्ही विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. हेमलतावहिनींना मी सांगेन. त्या दोन दिवस बोलणार नाहीत, मग येतील. चहा त्यांना माझ्याच हातचा लागतो.

भिऊ नकोस. ज्या घरात तुझ्यासाठी चहा परत गरम होतो, तिथून माणूस असा सहजासहजी जात नसतो.

तुझी,
नीलामावशी


श्री

गुरुग्राम,
१३ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

स्वेटर आज पोस्टात टाकला. आईशप्पथ, पार्सल काउंटरवरून आत गेलं तेव्हा काळीज हललं.

पार्सल आलं तेव्हा पहिले दोन दिवस मी त्याला हातच लावला नाही. तुझे टाके इतके सारखे आहेत की त्यांच्यावर माझी सुई घालणं म्हणजे धुतलेल्या फरशीवरून चपला घालून चालणं. मग जिथून सुरू केलं तिथे एका बाजूला लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली, काका उद्या विचारतील की तुझं कोणतं आणि मावशीचं कोणतं म्हणून. गाठ मारली आणि सुटलो, म्हणजे चाललो. धुक्यामुळे ऑफिसने घरून काम करायला सांगितलं होतं. मीटिंगमध्ये कॅमेरा गळ्याच्या वर ठेवून मी खाली गोल गोल फिरत होतो. काखेपाशी काय करायचं ते तुझ्या कागदावरून नीट समजलं. गळ्याला मेट्रोतल्या काकूंनी मदत केली. आता त्या माझ्यासाठी जागा धरून ठेवतात.

उचकी चोवीस ठोक्यांनीच येत होती. मोजलं. सुनीतीने तर मोजून झाल्यावर मला वाकून नमस्कार केला. आता ती येत नाही असं मला वाटतं. कादंबरी काहीच म्हणत नाही. दर तालमीला ऐकते, मान हलवते, आणि मशीन पुसून ठेवते. ते पुसणं मला बघवत नाही. जयदीप म्हणतो की ती वाईट बोलायच्या आधीही गप्प असते आणि चांगलं बोलायच्या आधीही, तेव्हा अंदाज बांधू नये.

एक सांगू? स्वेटर संपला हे मला कळलंच नाही. मी आपला विणत होतो आणि काकू म्हणाल्या, बस बेटा, हो गया.

रविवारी चार वाजता मंडळात या. तुम्ही पुढे बसू नका, मी तुमच्याकडे बघेन. मागेही बसू नका, मी शोधत राहीन. काहीही झालं तरी घरचं दार माझ्यासाठी उघडं असेल, या भरवशावर काठ्या उचलतो आहे.

तुझा,
यशोधन


श्री

करोल बाग,
२१ जानेवारी २०२५

चि. यशोधन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्यक्रम संपल्यावर तुला गाठायचं होतं, पण बायकांनी मला वाणात अडकवलं आणि बाहेर येते तो तुमचा टेम्पो निघालेला. म्हणून इतकं जवळ असून पुन्हा पत्रच.

गाणी कशी होती ते मला विचारू नकोस. मी ऐकली नाहीत. सुरुवातीपासून मी दोनच गोष्टी बघत होते, तुझे हात आणि त्या मुलीच्या पायाशी ठेवलेलं ते यंत्र. त्याचा दिवा लागतो की काय, म्हणून. हेमलतावहिनी कानात सांगत होत्या की पोरगी काय गाते हो, आणि मी त्यांना गप्प बसवत होते. शेवटचं गाणं आलं, शेवटचं कडवं आलं, लोक टाळ्या वाजवायला लागले आणि तेच पळायला लागले. मी पदर मुठीत धरला. तू पळाला नाहीस रे. अख्खं सभागृह तुझ्या पुढे गेलं आणि तू आपला तिथेच, तुझ्या चालीने. हळूहळू सगळे माघारी येऊन तुला मिळाले. दिवा लागला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हेमलतावहिनींनी पाहिलं आणि आता साऱ्या गल्लीला माहीत आहे.

काका स्वेटर घालून आले होते. वर कोट होता, तो त्यांनी दारातच काढला आणि जानेवारीच्या थंडीत शेवटपर्यंत काढूनच बसले. समोरच्याला तिळगूळ देण्याआधी स्वेटर दाखवत होते.

काल उन्हात तो गच्चीवर घेऊन बसले. माझं कुठे संपलं आणि तुझं कुठे लागलं ते बघायला. चष्मा पुसला, स्वेटर उलटा केला, बोटांनी चाचपला. हेमलतावहिनी म्हणतात बरगड्यांच्या वर, मी म्हणते खाली. त्यांनी एक ओळ तुझी म्हणून दाखवली, ती माझीच निघाली, मला आठवते ती विणताना लाईट गेली होती. मी एक माझी म्हणून दाखवली, तिथे त्या हसल्या. तुझा लाल दोरा म्हणशील तर तो कुठेच नाही. कुठे बांधला होतास? मला चैन पडत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं लिहायचं राहिलं. त्या मुलीने काय ठरवलं? काही झालं तरी सांग. चांगलं असेल तर लवकर सांग.

तुझी,
नीलामावशी

चि. यशोधन, आशीर्वाद. फार वर्षं प्रलंबित असलेला स्वेटर मिळाला. मापात आहे. प्रकरण बंद करण्यास हरकत नाही. तुझ्या मावशीचा अंगठा दुखतो, पण काल पहिल्यांदाच ती लोकर हातात घेऊन बसली आणि रडली नाही. हे तिला न दाखवता लिहितो आहे. — मुरलीधर


श्री

गुरुग्राम,
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस आणि ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी कार्यक्रमानंतरची पहिली तालीम झाली. अर्धा तास सुरू झाला. जयदीपची शलगमच्या लोणच्याची बरणी जमली. सुनीतीच्या आवडत्या लिफ्टला तेल घातल्यामुळे ती बेसूर झाली, सुनीती दुःखात आहे. मी स्वेटरचं सांगितलं. कादंबरीची पाळी शेवटी. ती म्हणाली की यंदाच्या वराती संपत आल्या, तिच्याकडे सांगायला विशेष काही नाही, फक्त एक अडचण आहे. मशीन आता फळीवर ठेवलं आहे, त्याच्यावर धूळ बसते आणि लोणच्याचं तेल उडतं. तर मी त्याला एक झगा विणून देईन का? सगळ्या बाजूंनी बंद, पुढे बटणं, सहज उघडता येणार नाही असा.

मी विचारलं की कधीपर्यंत हवा. ती म्हणाली, पुढच्या संक्रांतीपर्यंत दिलास तरी चालेल. मग सुनीतीने माझ्यापुढे शलगमची फोड धरली आणि मी ती तोंडात टाकली. तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला खरं माहीत आहे.

लाल दोऱ्याचा शोध लागला. तो आता मुळ्याच्या बरणीवर आहे. पार्सल करायच्या आदल्या दिवशी मी स्वेटर तालमीला नेला होता. जयदीपला बरणीच्या तोंडाला फडकं बांधायला दोरा हवा होता, त्याने समोर दिसला तो ओढून घेतला. कुठून काढला म्हणून त्याला फार विचारलं. पोटावरून की छातीवरून, पुढून की मागून, त्याला काही आठवत नाही. माझ्याकडे पार्सल करतानाचे फोटो आहेत, ते मोठे करून करून पाहिले. मावशी, मलाही सापडलं नाही. तुझं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते आता कोणालाच माहीत नाही. हेमलताकाकूंना सांग, दोघींचंही बरोबर आहे.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येतो आहे, तिघांना घेऊन. तोवर आणि त्यानंतरही, तुमची माया अशीच गोल फिरत राहो.

तुमचा,
यशोधन

ता. क. झग्यासाठी लोकर लागेल, जाड आणि निळी. मी येणारच आहे, तरी पोस्टानेच पाठव. घाई नाही.